डागणारे आप्पा

इरप्पा आप्पा बैलाला डाग द्यायच्या आधी तीन वेळा एकच प्रश्न विचारायचे. उजव्या हाताचं मधलं बोट बैलाच्या खांद्यावर टेकवायचे, मान जरा तिरकी करायचे आणि म्हणायचे, "हितंच का?" बोट दोन इंच सरकायचं. "हितंच का?" पुन्हा थोडं खाली. "हितंच का?" बैल काही बोलत नसे, हे उघडच आहे. पण कुठल्या तरी एका जागी कातडी थरथरली की आप्पा मान हलवायचे आणि शेणीच्या विस्तवातून लाल झालेली सळई उचलायचे. पुढचं काम दोन सेकंदांचं. चर्र आवाज, जळक्या केसांचा वास आणि दाव्याला हिसडे देणारा बैल.

त्या वासाशी माझं वैर होतं. मी सरकारी जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक. कागदावर डॉक्टर नव्हे, पण गावात मला दुसऱ्या कुठल्या नावानं कुणी हाक मारली नाही. अणदूर आणि नळदुर्गच्या मधलं, हायवेपासून थोडं आत असलेलं हे गाव. नोकरीची पहिली सहा वर्षं मी इथं काढली, मग जिल्हाभर फिरलो आणि शेवटची दहा वर्षं पुन्हा इथंच आलो. पहिल्यांदा आलो तेव्हा दवाखान्यात एक खुर्ची, औषधांचं कपाट, एक बंद पडलेला फ्रीज आणि जनावर अडकवायचा खोडा एवढंच होतं. खोड्यात येणारं प्रत्येक जनावर आधी आप्पांच्या गोठ्यात जाऊन आलेलं असायचं.

दुसऱ्याच आठवड्यात एक बैल आला. खांद्यावर जाळीसारखे डाग, त्यातून पू वाहत होता. मी तरुण होतो, डोकं लगेच तापायचं. तसाच आप्पांच्या गोठ्यावर गेलो. पांढरा सदरा, टोपी, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, सदऱ्याच्या आत गळ्यातल्या इष्टलिंगाच्या चांदीच्या डबीचा उंचवटा. दोन्ही मनगटांवर केस म्हणून नाही, सगळे जळून गेलेले. मला बघून म्हणाले, "या साहेब. च्या घ्या."

चहा बाजूला ठेवून मी वीस मिनिटं बोललो. जंतू, जखम, कातडीचं नुकसान, प्राण्यांना क्रूरपणे वागवू नये असा कायदा, सगळं सांगितलं. आप्पांनी एकदाही मधे तोंड घातलं नाही. माझं संपल्यावर विचारलं, "तुमी काय करता मग?"

"इंजेक्शन देतो."

"म्हंजी सुई. बैलाचा पाय दुखतोय, तर सुई पायात देता?"

"नाही, मानेत."

"टोचायच्या आधी बैलाला इचारता का, हितंच का म्हणून?"

मी म्हटलं, विचारायची गरज नसते, औषध रक्तातून सगळीकडं जातं. आप्पांनी हे अगदी गंभीरपणे ऐकून घेतलं आणि शेजारी बसलेल्या माणसाला म्हणाले, "बगा, दुखणं पायात आन् सुई मानंत. आन् माझ्यावर केस करायला निघालेत." तेव्हापासून मी त्यांच्या तोंडी 'सुईवाले' झालो. कौतुकानं बोलवायचं असलं की 'सुईवाले साहेब', रागानं असलं की नुसतं 'सुई'.

हे वैर मी प्रामाणिकपणे चालवलं. दर ग्रामसभेत डागण्याविरुद्ध बोलायचो, आप्पा पहिल्या ओळीत बसून ऐकायचे आणि शेवटी टाळ्याही वाजवायचे. एकदा मी त्यांना सांगितलं की तुमचे बैल डागानं बरे होत नाहीत, डाग दिल्यावर मालक पंधरा दिवस त्यांना जुंपत नाही, त्या विश्रांतीनं बरे होतात. मला वाटलं, आता म्हातारा निरुत्तर होईल. ते म्हणाले, "मग तुमी सांगा की मालकाला, पंधरा दिवस जुपू नका म्हणून. ऐकतो का कोण? डाग दिसतोय म्हणून ऐकतेत." हे मी त्यानंतर पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. यात मला अजून खोट सापडलेली नाही.

माणसंही यायची. पाठीत उसण भरलेली, खांदा आखडलेली, पायात कळ येणारी. उमरगा, अक्कलकोट, पार आळंदपर्यंतची. आप्पा घरात कन्नड बोलायचे, बाहेर मराठी आणि चिडले की दोन्ही मिसळून. त्यांचे काही नेम होते. सोमवारी इस्तू, म्हणजे विस्तव, हातात धरायचा नाही. आणि लहान लेकराला डाग द्यायचा नाही, कुणीही येवो. पोट फुगलेलं तान्हं घेऊन एक बाई आली होती, तिला त्यांनी अंगणातूनच परत फिरवलं आणि मुलगा शिवराज याला जीप काढायला लावून नळदुर्गच्या दवाखान्यात पोचवलं. मला म्हणाले, "ज्याला हितंच म्हणता येत न्हाय त्याला डाग न्हाय."

मी लगेच संधी साधली. "मग बैलाला कुठं म्हणता येतं?"

"बैल म्हणतो. तुमाला ऐकू येत न्हाय."

आता एक कबुली देऊन टाकतो, म्हणजे मी फार शहाणा होतो असा कुणाचा गैरसमज व्हायला नको. बदली होऊन जायच्या आधीच्या वर्षी माझ्या कमरेतून पायापर्यंत अशी कळ यायला लागली की मोटारसायकलवर बसवेना. गोळ्या झाल्या, मलम झाले, सोलापूरचे दोन डॉक्टर झाले. शेवटी एका मंगळवारी, गावात कुणाला दिसणार नाही अशा भर दुपारच्या वेळी, मी आप्पांच्या गोठ्यात जाऊन पालथा पडलो. माझी इतक्या वर्षांची भाषणं त्यांनी काढली नाहीत. बोट टेकवलं. "हितंच का?" मी म्हटलं, जरा खाली. "हितंच का?" म्हटलं, नाही, बहुतेक आत. "हितंच का?" मी म्हटलं, आप्पा, सगळीकडंच दुखतंय. त्यांनी बोट काढून घेतलं आणि विस्तवावर राख ओढली.

"उठा साहेब. जागा ठाव न्हाय त्याला डाग न्हाय. तुमचं दुखणं फिरतंय. घरी जावा, पंधरा दिवस फटफटीवर बसू नका."

मी बसलो नाही आणि बरा झालो. हे आप्पांनी कुणालाही सांगितलं नाही. त्या दिवसापासून मला त्यांच्याबद्दल माया वाटायला लागली, आणि ती वाटते म्हणून मी ग्रामसभेत आणखी जोरात बोलायला लागलो.

परत आलो तेव्हा आप्पा सत्तरीच्या पुढं होते. आता बैलच कमी झालेले, ट्रॅक्टर आलेले, पण महिन्यातून दोनचार जनावरं अजून त्यांच्या गोठ्यात जात होती. विडी त्यांनी चाळिशीतच सोडली होती. धूर मात्र सोडला नव्हता. शेणीच्या त्या धुरात त्यांनी आयुष्य काढलं होतं आणि चार पावलं चालले की छाती भात्यासारखी वाजायची. खोकला जुनाच होता. पण मी परत आल्यावर पाच-सहा वर्षांनी खोकताना ते टॉवेल तोंडाला लावून लगेच दुमडून ठेवायला लागले. मला ते दिसलं. मी शिवराजला फोन केला. शिवराजचं नळदुर्गला हायवेवर टायरचं दुकान आहे. तो आप्पांना घेऊन सोलापूरला गेला.

संध्याकाळी त्याचाच फोन आला. रडवेला झाला होता. "डॉक्टर, आप्पाच्या फुफ्फुसावर डाग निघालाय."

मागून आप्पांचा आवाज ऐकू आला, खोकत, पण ठणठणीत. "त्यांना इचार, कुणी दिला? या शिवारात माझ्याबिगर डाग देनारा दुसरा कोण हाय?"

शिवराजला वाटलं आप्पा चेष्टा करताहेत. मलाही तसंच वाटलं. पण दुसऱ्या दिवशी भेटलो तेव्हा लक्षात आलं, आप्पांना खरोखरच तो शब्द पटला नव्हता. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरून "हा बघा डाग" असं म्हटलं होतं. आप्पांच्या हिशेबी डाग हे औषध होतं. कुणीतरी ठरवून, जागा विचारून दिलेलं. न दिलेला डाग अंगात निघतो कसा, हे त्यांना कळेना. "डाग असंल तर दुखणं बरं झालं असंल की," असं ते मला दोनदा म्हणाले. मग मी त्यांना सांगितलं की डॉक्टरांच्या भाषेत डाग म्हणजे दुखण्याची खूण. "एकच शबूद, आन् उलटा," ते म्हणाले.

पुढच्या तीन आठवड्यांत तपासण्या झाल्या. सिटी स्कॅन झाला, पाठीतून बारीक सुई घालून तुकडा काढून तपासला. उजव्या फुफ्फुसात मागच्या बाजूला दोन सेंटीमीटरची गाठ, कॅन्सरची, पण अजून तिथल्या तिथंच. डॉक्टर म्हणाले, धडधाकट माणूस असता तर आम्ही ऑपरेशन करून तेवढा भाग काढून टाकला असता. मग त्यांनी आप्पांना एका नळीत जोरात फुंकायला लावलं. आप्पांनी विस्तव फुंकायच्या सवयीनं फुंकलं, तरी आकडा फार खाली आला. एवढ्या श्वासावर छाती उघडता येणार नाही, भुलीतून माणूस बाहेर येणार नाही, असं स्पष्ट सांगितलं. काहीच केलं नाही तर गाठ वाढणार, हेही सांगितलं. किरणांचा शेक देण्याचा एक मार्ग होता, आणि दुसरा मार्ग सुईचा. पुण्याहून महिन्यातून दोनदा एक डॉक्टर बाई यायच्या, त्या हेच काम करायच्या. गाठ छोटी आहे, कडेला आहे, सुई चांगली पोचेल, असं त्यांचं म्हणणं पडलं.

मी आणि शिवराज त्यांच्यासमोर बसलो होतो. बाई मूळच्या विजापूरकडच्या. त्यांनी आप्पांना कन्नडमधून आणि आम्हाला मराठीतून समजावलं. पाठीवरची थोडीशी जागा बधिर करायची, गुंगीचं औषध द्यायचं, स्कॅनमध्ये बघत बघत दोन बरगड्यांच्या मधून सुई थेट गाठीत न्यायची. सुईच्या टोकाशी उष्णता तयार होते. दहा-बारा मिनिटांत गाठ जागच्या जागी भाजून मरते. चिरफाड नाही, टाका नाही.

आप्पा माझ्याकडं वळून बघत राहिले. "म्हंजी डागच की वं," ते हळूच म्हणाले.

ज्या माणसाला मी आयुष्यभर डागू नका म्हणून सांगितलं, त्याला आता डाग घ्या म्हणून पटवायची पाळी माझ्यावर आली होती. मी म्हटलं, "हो आप्पा, एका अर्थी डागच." आणि आप्पा खुर्चीवरून उठले.

"न्हाय घ्यायचा. आमच्यात मेलेल्याला बी जाळत न्हायत, बसवून पुरत्यात. आन् तुमी जित्त्याला आतनं जाळायला निघालात. चल रं शिवराज."

तीन आठवडे ते कुणाचं ऐकेनात. शिवराज जेवायला बसला की रडायचा. सुनेनं बोलणं सोडून दिलं. मठातले स्वामी येऊन सांगून गेले की औषधाच्या आगीला दोष नाही. आप्पांनी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि हेका तसाच धरून बसले. बाईंनी फोनवर मला सांगितलं होतं की गाठ तीन सेंटीमीटरच्या पुढं गेली तर सुईचा नीट उपयोग होणार नाही. म्हणजे वेळ मोजकाच होता आणि म्हातारा गोठ्यात बसून बैलांच्या अंगावरच्या गोचड्या काढत होता. मला त्यांचा राग यायचा. आपल्याला एखाद्या माणसाचा इतका राग येतो म्हणजे तो आपला कोण आहे, हे मला त्या दिवसांत कळलं.

एका सकाळी मी गेलो आणि सरळच विचारलं, "आप्पा, खरं सांगा. जाळायचं ते सोडा. भीती वाटते का?"

"वाटते की." ते लगेच म्हणाले. "किती जणांना म्या धरून ठेवलंय. बैलाचं डोळं बगितलेत. म्हाईत हाय मला काय लागतंय ते." मग जरा थांबून म्हणाले, "आन् दुसरं असं, की मला जागाच ठाव न्हाय. खोकला येतो, पर दुखत कुठंच न्हाय. कुणी बोट ठेवून इचारलं, हितंच का, तर म्या काय सांगू? तुमाला म्याच म्हणलो व्हतो, जागा ठाव न्हाय त्याला डाग न्हाय. आता सोतासाठी नेम मोडू?"

खरी अडचण ही होती. इतके दिवस आम्ही सगळे भलत्याच दाराला धक्के देत होतो. शिवराजच्या फोनमध्ये स्कॅनची चित्रं होती, ती मी माझ्या फोनवर मागवून घेतली. गोठ्याच्या सावलीत, आप्पांच्या शेजारी दगडावर बसून त्यांना एकेक दाखवली. हे पाठीचं हाड. ह्या बरगड्या. हे काळं दिसतंय ते फुफ्फुस. आणि हा पांढरा ठिपका. फोनच्या काचेवर मी बोट टेकवलं आणि म्हटलं, "हितंच."

आप्पांनी फोन हातात घेतला. चष्मा वर केला. स्वतःचं बोट त्या ठिपक्याच्या जरा बाजूला टेकवलं, मग सरकवलं, मग पुन्हा. ओठ हलत होते. काय म्हणत होते ते मला ऐकू आलं नाही, पण तीनदा हलले एवढं मी पाहिलं.

"यंत्राला जागा ठाव हाय म्हणा," ते म्हणाले. "आन् सुई नेमकी हितं जाती? मानंत न्हाय?"

"नेमकी तिथंच जाते."

मग त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. खोकला येईपर्यंत हसले. "काय वं साहेब. तुमची सुई आन् माझा डाग. इतकी वर्सं आपण भांडलो आन् तिकडं कुणीतरी दोघांचं लगीन लावून मोकळं झालं."

तारीख सोमवारची निघाली. सोमवारी आप्पा विस्तव हातात धरत नाहीत म्हणून शिवराज घाबरून तारीख बदलायला निघाला, तर आप्पांनीच त्याला गप्प केलं. "धरायचा न्हाय असा नेम हाय. घ्यायचा न्हाय असं कुठं हाय?" तिथं गेल्यावर मात्र खरा पेच पडला. स्कॅनच्या खोलीत जाताना गळ्यातली चांदीची डबी काढायला सांगितली. आप्पांनी सदऱ्यावरून ती मुठीत धरली. लिंग अंगावेगळं होत नाही, ते उतरलं की माणूस मेल्यात जमा, असं त्यांनी नर्सला सांगितलं. नर्स म्हणाली, छातीवर धातू चालत नाही. दहा मिनिटं दोघंही हलेनात. शेवटी बाई बाहेर आल्या. त्यांनी कन्नडमध्ये विचारलं की हात डोक्याच्या वर घेऊन पालथं झोपायचं आहे, तर डबीतलं लिंग मुठीत धरलं तर चालेल का? आप्पांनी विचार केला आणि म्हणाले, चालेल. डबी शिवराजकडं आली आणि लिंग डाव्या मुठीत घेऊन आप्पा आत गेले.

आम्ही बाहेर बाकावर बसलो. शिवराजनं डबी दोन्ही हातांत धरून ठेवली होती. तासभर गेला. बाई बाहेर आल्या तेव्हा मी आधी त्यांच्या चेहऱ्याकडं बघायचं टाळलं. त्या म्हणाल्या, गाठ पूर्ण भाजली गेली आहे, कडेचं थोडं फुफ्फुसही घेतलं आहे. जरा हवा गळते आहे, दोन दिवस छातीत नळी ठेवावी लागेल, घाबरू नका. दोन दिवसांनी नळी निघाली. ताप आला, थुंकीत थोडं रक्त आलं, तेही थांबलं. चौथ्या दिवशी आप्पा घरी होते. पाठीवर एक चिकटपट्टी, बस.

महिन्याभरानं पुन्हा स्कॅन झाला आणि शिवराज तो कागद घेऊन रात्र व्हायच्या आत माझ्याकडं धावत आला. "डॉक्टर, डाग मोठा झालाय! पहिल्यापेक्षा दुप्पट!" मीही हादरलो. आप्पा मागून सावकाश चालत आले, दम खात ओट्यावर बसले आणि आम्हा दोघांकडं बघून म्हणाले, "डागल्यावर जागा दुखण्यापेक्षा मोठीच दिसणार. डाग आदी फुगतो, मग बसतो, मग खपली धरतो. बैलाच्या खांद्यावर बगितलं न्हाय व्हय कधी?" दुसऱ्या दिवशी फोनवर बाईंनी जवळजवळ हेच सांगितलं. भाजलेली जागा सुरुवातीला मोठीच दिसते, पुढं आकसत जाते, शेवटी नुसता व्रण राहतो. सहा महिन्यांनी तसंच झालं. अहवालात डाग होताच, पण आता तो आप्पांच्या अर्थाचा डाग होता.

इथं ही गोष्ट संपली असती तर मी आनंदानं संपवली असती. पण त्याच सुमारास शेजारच्या गावातून एक लंगडा बैल आप्पांच्या अंगणात आला, आणि आप्पांनी तो माझ्याकडं पाठवून दिला. मालकाला वाटलं, आप्पा अजून आजारी आहेत. पुढच्या आठवड्यात आणखी एक पाठवला. मी गोठ्यावर गेलो आणि जरा टेचातच म्हटलं, "काय आप्पा, पटलं ना शेवटी?"

ते चारा कापत होते. विळा खाली ठेवला.

"त्या बाईंनी सुई घालायच्या आदी बोट ठेवलं माज्या पाठीवर. गुंगी होती, पर कळत होतं. कानडीत इचारलं, 'इल्ली नोवैतेन्री?' हितं दुखतंय का म्हणून. म्या म्हणलो, जरा. तर आनिक बधिर केलं. परत इचारलं. आनिक थांबल्या. तीनदा इचारलं साहेब. मोजून तीनदा. मला काही कळंना झालं तवाच डाग दिला."

मी त्यांच्यासमोर खाली बसलो.

"म्या बी तीनदाच इचारायचो. पर म्या इचारायचो, कुठं डागू. त्यांनी इचारलं, दुखतंय का." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचलं नाही. "ते बधिर करायचं औषध जनावराला बी असतंय का?"

"असतं."

"तुमच्या दवाखान्यात?"

"असतं आप्पा. पहिल्यापासून असतं."

"मग इतकी वर्सं बोलला का न्हाय?"

जंतू, जखम, कातडी, कायदा. वीस मिनिटांच्या त्या भाषणात आणि नंतरच्या सगळ्या ग्रामसभांत मी एवढी एकच गोष्ट कधी सांगितली नव्हती. ती सांगायला मला तोंडच नव्हतं. मी स्वतः टाके घालताना पुष्कळदा बधिर न करता तसेच घालायचो. घाई असायची, पुढं जनावरं उभी असायची, खोड्यात बैल आवळून बांधला की हलत नाही, मग बाटली फोडून थांबायचं कशाला? मी हे आप्पांना सांगितलं. ते माझ्यावर रागावले नाहीत. "म्हंजी दोगं बी सारखेच," एवढंच म्हणाले आणि पुन्हा चारा कापायला लागले. मला फार शरम वाटली, ती अजून गेलेली नाही.

दिवाळीनंतर एकदा बोलावून त्यांनी मला गोठ्याचं आढं दाखवलं. डागायची ती सळई लोहाराकडून वाकवून तिथं ठोकून घेतली होती. टोकाला आकडा केला होता. "सलाईनची बाटली अडकवा," म्हणाले. "दर टायमाला शिवराजला हात वर करून हुबं करता तुमी." आकडा जरा जास्तच उंच बसला होता, माझा हात पोचेना. मी तसं म्हटल्यावर म्हणाले, "तुमीच बुटके. आकडा बरोबर हाय."

त्यानंतर आप्पा तीन वर्षं जगले. गाठ परत आली नाही. दम लागायचा तो लागतच राहिला. गेल्या माघात दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. हृदय थांबलं असं डॉक्टर म्हणाले. आंघोळ घालताना मी जवळ होतो. पाठीवर ती सुईची जागा मी शोधली, मला ती सापडली नाही. मग त्यांना पद्मासनात बसवलं, डाव्या तळहातावर लिंग ठेवलं आणि त्यांच्याच शेतात, बसल्या स्थितीत, माती दिली. जाळलं नाही.

माझ्या निवृत्तीला आता चार महिने राहिले आहेत. मागच्या आठवड्यात शिवराजची गाय काटेरी तारेत अडकली, खांद्याची कातडी वीतभर फाटली. रक्त बरंच गेलं होतं. गोठ्यात गेलो, बादली उलटी घालून तिच्यावर चढलो आणि बाटली आकड्याला अडकवली. सलाईन चालू केलं. बधिर करायचं औषध जखमेच्या कडेनं भरलं आणि खाली बसलो. शिवराज सुई-दोरा हातात घेऊन उभा होता. म्हणाला, "डॉक्टर, घाला की टाका. कशाला थांबलाय?"

मी मधलं बोट गाईच्या खांद्यावर टेकवलं. "हितं दुखतंय का?" कातडी थरथरली. थांबलो. "हितं दुखतंय का?" पुन्हा थरथरली, पण कमी. आणखी थोडं औषध दिलं आणि थांबलो. तिसऱ्यांदा विचारलं.

गाय हलली नाही. मग मी सुई मागून घेतली.